धारेश्वराचे धुतलेले दगड

चीक शिजवून खाली उतरवला होता आणि भागूबाईच्या निम्म्या कुरडया अंगणातल्या बाजेवर, प्लॅस्टिकच्या कागदावर घालून झाल्या होत्या. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून दाबता येतो, गार झाला की घट्ट गोळा. म्हणून ती मान वर न करता भराभर हात चालवत होती. तेवढ्यात कुंडलिकअण्णांची सून हर्षाली पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून अंगणात आली.

"मावशी, कलशारोहणाची पत्रिका. अक्षय तृतीयेला हाय."

"वाच की गं. माझं हात चिकाचं हायेत."

हर्षालीने वाचायला घेतलं. कॉलेजात शिकलेली पोर, खणखणीत वाचत होती. आंबेदरा गाव धरणाच्या पाण्यात गेलं, ग्रामस्थांनी श्रीधारेश्वराचं पुरातन मंदिर दगड न् दगड सुटा करून नव्या गावी आणलं, इथपर्यंत आवाज मोकळा होता. पुढच्या ओळीला ती अडखळली.

"'परंतु पाथरवटाच्या हलगर्जीपणामुळे दगडांची ओळख नष्ट झाल्याने मूळ मंदिर पुन्हा उभे राहू शकले नाही...' मावशी, हे मी न्हाई लिहिलं हां. मामंजींनी लिहून दिलं."

"बरं. छापलं तर छापलं. कागूद हाय, चार दिसांनी रद्दीत जाईल."

हर्षाली पायाच्या अंगठ्याने अंगण टोकरत उभी राहिली. मग म्हणाली, "हाच मजकूर संगमरवरावर कोरायचाय, मावशी. दाराशेजारी लावायला. उद्या सकाळी नारायणगावला पाटीवाल्याकडं द्यायचाय. आज चार वाजता मिटिंग हाय, तिथं पास करनार."

पाथरवटाचं घर गावात एकच, भागूबाईचं. नाव लिहिलं काय अन् न लिहिलं काय.

हर्षाली पुढच्या घरी गेली. भागूबाई सोऱ्या हातात धरून तशीच बसून राहिली. कागदाचं ठीक होतं. पण दगडात कोरलेलं किती वर्षं राहतं, हे पाथरवटाच्या बायकोला कुणी सांगायला नको. नवरा हौशीराम जाईल, ती जाईल, आणि ती ओळ धारेश्वराच्या दारात उभी राहील. येणारा-जाणारा वाचील.

आणि चूक तर तिची होती.

*

धारेश्वराचं देऊळ जुन्या आंबेदऱ्यात ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना नव्या गावात उभं राहून ते समजायचं नाही. नदीच्या वळणावर काळ्या दगडाचं देऊळ. चुन्याचा थेंब नाही. एका दगडाला खुंटी, दुसऱ्याला तिच्या मापाची खाच, आणि वर नुसतं वजन. भिंत सरळ नव्हती. कोन बाहेर, मग आत, पुन्हा बाहेर, असा चांदणीसारखा सगळा घेर, त्यामुळे दिवसभर ऊन-सावलीचे उभे पट्टे देवळाभोवती फिरत असत. सभामंडपाला चार खांब. वर छताला चारी कोपऱ्यांवर आडवे दगड टाकून चौकोन लहान केलेला, त्यावर दुसरा चौकोन वळवून बसवलेला, त्यावर आणखी लहान, आणि सगळ्यांच्या वर मधोमध एकच दगड, कमळ कोरलेला. हौशीराम मान वर करून म्हणायचा, "त्या कमळाला एकट्या कुनी धरलं न्हाई. समद्यांनी थोडं थोडं म्होरं सरकून धरलंया."

गाभारा पाच पायऱ्या खाली. वैशाखातसुद्धा पायऱ्या उतरणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा गारवा, असं पुरुष सांगत. बायकांना तिथे उतरायची रीत नव्हती. अभिषेकाचं पाणी उत्तरेच्या भिंतीतून दगडी पन्हळाने बाहेर येई आणि गोमुखातून कुंडात पडे. ते तीर्थ मात्र बायकांना ओंजळीत मिळे. लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं भागूबाईने गाभाऱ्याच्या उंबऱ्यापलीकडून, पहिल्या पायरीच्या अलीकडूनच हात जोडले होते.

त्र्याण्णव साली धरणाचं पाणी येणार हे पक्कं झालं. गावाने ठरवलं, देवाला बुडवून जायचं नाही. कुंडलिकअण्णा कमिटीचे अध्यक्ष झाले आणि काम हौशीरामकडे आलं. गावाच्या बैठकीत हौशीराम उभा राहून म्हणाला होता, "जसं हाय तसं उभं करून देतो. एक बोट इकडं न्हाई, एक बोट तिकडं न्हाई." पाटे-वरवंटे आणि जाती घडवण्यात हयात गेलेला माणूस. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा चालही बदललेली होती.

तीन महिने लागले. वरून एकेक थर उतरवायचा आणि उतरवलेल्या प्रत्येक दगडावर गेरूने खूण घालायची: दिशा, कितवा थर, त्या थरातला कितवा दगड. तेच दोनशे पानी वहीत काढायचं, एका पानावर एक थर. सहाशेच्या वर दगड झाले. नदीकाठच्या खळ्यावर ते ओळीने मांडून ठेवले.

गेरूच का, छिन्नी का नाही, हे हौशीरामने कुणाला सांगितलं नाही. त्याच्या बापाची शिकवण होती: देव बसला की त्या घराच्या दगडाला पुन्हा लोखंड लावायचं नाही. भागूबाईचा बाप बेल्ह्याचा. तोही पाथरवटच, बाजाराच्या दिवशी पाटे विकायचा. त्याची रीत वेगळी होती. घडवलेल्या प्रत्येक दगडाच्या पोटाला, खालच्या अंगाला, तो छिन्नीने बारीक खूण कोरायचा. भागूबाईला लहानपणापासून वाटायचं की दगडाला पोटाशी खूण असते, जशी माणसाला बेंबी. वरचा गेरू तिला मजुरांच्या सोयीसाठी वाटला. विचारलं असतं तर कळलं असतं. पण नवऱ्याला त्याच्या धंद्यातलं बाईने विचारू नये, हेही ती बापाच्याच घरून शिकून आली होती.

दगड हलवायच्या आदल्या दिवशी हौशीराम नव्या जागी जोत्याची आखणी करायला गेला होता. सोमवार होता. बायका नदीवर जमल्या आणि बोलण्यात बोलणं निघालं.

"मजुरांनी पायतानं घालून दगूड तुडवलं. देवाचं अंग ते."

"आन् उद्या त्याच ट्रॉलीत चढायचं, ज्यात परवा शेनखत व्हतं."

कुंडलिकअण्णांची बायको शीलावहिनी म्हणाल्या, "निदान धुऊन तरी पाठवा बायांनो. लेक सासरी धाडताना न्हाऊ घालत न्हाई का?"

पहिला हंडा शीलावहिनींनी ओतला. मग वीस-बावीस जणींची रांग लागली. नदीतून पाणी, नारळाची शेंडी, वरून गोमूत्र आणि हळद. भागूबाईच्या हाताला गाभाऱ्याचा दगड त्या दिवशी पहिल्यांदा लागला. उन्हात पडलेला असूनही तो आतून गार होता. ती घासत गेली, घासत गेली. बावीस वर्षं जे लांबून पाहिलं, ते आता मांडीला टेकेल इतकं जवळ होतं. गेरू सुटून लाल पाणी खळ्यावरून नदीकडे निघालं. कुणीतरी म्हणालं, "देवाला कुंकवाचं न्हान झालं गं," आणि सगळ्यांनी हात जोडले. भागूबाईनेही जोडले. पाण्यात गेरू जातोय हे ती बघत होती. पोटाची खूण कुठे जाते, असं तिच्या मनात होतं.

संध्याकाळी हौशीराम आला. स्वच्छ, ओले, काळेभोर दगड ओळीने चमकत होते. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला आणि परत आला.

"कुनी केलं?"

"आमी समद्यांनी. आवो, पोटाला खून आसंल ना?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "न्हाई," म्हणाला. मग खाली बसून वही उघडली, मिटली. वहीत प्रत्येक दगडाची जागा होती आणि खळ्यावर प्रत्येक दगड होता. कुठला दगड कुठल्या जागेचा, तेवढंच गेलं होतं.

त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. त्या दिवसापासून त्या विषयावर बोललाच नाही. भागूबाईला वाटे, एकदाचं मारलं असतं तर बरं होतं. मार वाळतो.

गावात काही दिवसांत वेगळंच बोललं जाऊ लागलं. आकडे नीट घातले नव्हते. कच्चा रंग वापरला. चौथी शिकलेल्या माणसाच्या हाती देवाचं घर दिलं की असंच व्हायचं. शीलावहिनी तेच म्हणत आणि हंडे वाहणाऱ्या बाकीच्या माना डोलवत. हौशीरामने कुठेही उलट उत्तर दिलं नाही. दोन साल तो नव्या जागी तीन वाशांची तिकटी आणि चेन-पुली लावून, सुतळीने मापं घेत, दगड उचलून बघत राहिला: हा बसतो का, तो बसतो का. भागूबाई त्याची भाकरी शेजारच्या कुणाकडून तरी पाठवून द्यायची. त्या जागी पाऊल टाकायची तिची हिंमत नव्हती. तिथलं कुणी काही सांगू लागलं तरी ती कामाचं निमित्त करून आत जाई. पंचाण्णवच्या अखेरीला काम बंद झालं, एवढं तिला कळलं. मग स्लॅबचं देऊळ उभं राहू लागलं, वर्गणी येईल तसं, थांबत थांबत. जुने दगड जोत्याच्या भरावात गेले, उरलेले ओढ्याच्या संरक्षक भिंतीत. पाट्या-वरवंट्यांची जागा मिक्सरने घेतली आणि हौशीराम वारूळवाडीकडे एका खडी क्रशरवर कामाला लागला. पाथरवटाच्या डोळ्यांसमोर दिवसभर दगडाची खडी व्हायची.

आठ वर्षं भागूबाई रोज पहाटे देवापुढे दिवा लावून एकच वाक्य म्हणायची: माझं पाप त्यांच्या माथी नको. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात. पण देव काही साक्ष द्यायला उठत नाही.

*

त्या दुपारी तिने हात धुतले, लुगडं बदललं आणि आधी शीलावहिनींकडे गेली. वहिनी टीव्हीसमोर बसून कलशाच्या पूजेची यादी करत होत्या.

"वहिनी, एक मागनं हाय. आजच्या मिटिंगला माझ्यासंगं उभं ऱ्हा. दोघींनी सांगू. दगूड आमी धुतलं, म्हनून आकडं गेलं. त्यांची चूक न्हाई."

वहिनींनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आगं भागू, पुरलेलं मढं उकरून काय मिळनार? आठ वर्सं झाली."

"संगमरवरावर कोरनार हायेत, वहिनी."

"तुझ्या नवऱ्याचं नाव कुठं हाय त्यात?"

"पाथरवट दुसरा कोन हाय गावात?" भागूबाईने बोलून टाकलं. "पहिला हंडा तुमचा व्हता."

शीलावहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझाच व्हता. न्हाई म्हनत न्हाई. पन मी काय पाथरवटाची बायको हाय? त्यो आकडा, का रेघोट्या, मला काय कळनार? तुला कळत व्हतं. तू आडवलंस का आमाला? एक शबुद बोललीस?"

वहिनींनी आत चहा सांगितला.

"च्या घे," वहिनी म्हणाल्या. चहा न पिता उठली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, म्हणून भागूबाई तो चहा प्यायली.

*

मिटिंग नव्या देवळाच्या सभामंडपात होती. खाली पांढऱ्या फरशा, वर सपाट स्लॅब, स्लॅबला दोन पंखे. शिखर गुलाबी आणि पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेलं. गाभारा मंडपाच्याच पातळीला. उतरायला पायरी नाही, त्यामुळे अभिषेकाचं पाणी बाहेर पसरतं म्हणून दाराला सिमेंटचा बांध घातलेला. बायका एका अंगाला बसल्या होत्या. हौशीराम सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून, क्रशरची धूळ अंगावर घेऊन बसला होता.

कुंडलिकअण्णांनी मजकूर वाचला आणि विचारलं, "कुनाची हरकत?"

भागूबाई उभी राहिली. मिटिंगमध्ये बाई उभी राहते हेच नवं, म्हणून एकदम शांत झालं.

"आण्णा, त्यात एक खोटं हाय. ह्यांनी आकडं घातलं व्हतं. एकूनएक दगडावर. हलवायच्या आदल्या दिशी आमी बायांनी दगूड धुतलं. शेंडीनं घासलं. त्यात गेलं. मी पाथरवटाची, मला कळायला पायजे व्हतं. म्या न्हाई थांबवलं."

"आमी म्हंजी कोन कोन?"

भागूबाईने बायकांकडे पाहिलं. कुणी पदर सारखा केला, कुणी मांडीवरच्या पोराचं नाक पुसलं. शीलावहिनी गाभाऱ्याकडे बघून हात जोडत होत्या.

"वीस-बावीस जनी व्हतो."

"मग समद्यांची नावं कोरायची का? संगमरवर पुरायचा न्हाई." लोक हसले. गेणभाऊ म्हणून एक म्हातारा होता, वाक्य जमलं की दोनदा बोलणारा. तो म्हणाला, "म्हंजी पाथरवटाचं काम पाथरवटनीनं धुतलं म्हना. धुतलं म्हना." पुन्हा हसले.

कुंडलिकअण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तोंडावर न्यायाधीशाचा भाव आणून म्हणाले, "बाई खरं बोलल्या. देवाच्या दारात खऱ्याला मान द्यायचा. हर्षाली, दुरुस्त कर. 'पाथरवटाच्या हलगर्जीपणामुळे' खोड. लिही, 'पाथरवटाच्या पत्नीच्या अज्ञानामुळे'."

हर्षालीचं पेन कागदावर थांबलं. भागूबाई उभीच होती. तिला वाटलं, ठीक आहे. निदान त्यांच्या माथ्यावरून उतरलं.

तेवढ्यात मागून हौशीरामचा आवाज आला.

"आण्णा, पयलं व्हतं तेच ऱ्हाऊ द्या."

"आरं पन ती सोताच सांगतीया."

"तिला काय म्हाईत? आकडं मीच कच्चं घातलं. माझंच लिवा. बायकूचं दगडावर नको."

 मग गेणभाऊ शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आठ सालं बायकूला म्होरं घालायचं सुचलं न्हाई, आज दोघं मिळून नाटक बसवून आली. नाटक बसवून आली." हसू पुन्हा फिरलं, या वेळी बायकांच्या बाजूनेही.

मजकूर पहिला होता तोच पास झाला. शेवटी अण्णांनी महाप्रसादाचं सांगितलं: दर उंबऱ्याला दोन पायली गव्हाचं पीठ, पुऱ्यांसाठी, परवा सकाळपर्यंत देवळात पोचलं पाहिजे.

*

दोघं घरी चालत आली. तो पुढे, ती चार पावलं मागे. घरी आल्यावर त्याने हातपाय धुतले आणि भाकरीला बसला. भागूबाईने वाढलं. कालवण वाढताना तिच्याने राहवलं नाही.

"म्या खरं सांगाय गेले व्हते."

"म्हाईत हाय."

"मग का मोडलंत? माझ्या पापानं देऊळ गेलं. माझंच लिवू द्यायचं."

हौशीरामने घास खाली ठेवला. 

"आकड्यांनी देऊळ गेलं न्हाई," तो म्हणाला. "दोन सालात मी चौकट उभी केली व्हती. चारी खांब. भिंतीचं तीन थर. चौथ्या थराचं कोन धरायला लागलं व्हतं. एक थर जुळला की त्याच्या वरचा आपसूक सांगतो, कुठला दगूड हवा. आनखी तीन साल दिली आसती तर कमळबी चढवलं आसतं."

भागूबाईने पळी कालवणात ठेवली.

"मंग?"

"मंग आण्णा इंजिनेराला घेऊन आलं. म्हनले, आनखी तीन साल कोन थांबतं, स्लॅब टाकू, दहा महिन्यात कळस. त्यांना रस्त्यावरनं दिसंल आसं शिखर पायजे व्हतं. आमचं देऊळ बुटकं. नदीकडं तोंड. चौकट जेसीबीनं पाडली. म्या तिथंच उभा व्हतो."

"म्हंजी आकडं..."

"आकड्यांचं बरं झालं त्यांना. सांगाय कारन झालं."

बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवर हिंदी मालिकेतली बाई रडत होती. भागूबाई भिंतीला टेकून खाली बसली. आठ वर्षांच्या पहाटा तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. एकेक दिवा, एकेक वाक्य. ज्या पापाची तिने रोज माफी मागितली, ते शंभरातले नव्याण्णव हिस्से दुसऱ्याच्या सोयीचं निमित्त होतं. आणि हा माणूस ते जाणून होता. पलीकडच्या बाजेवर झोपत होता.

"मला का न्हाई सांगितलं?" तिने विचारलं. "एकदा तरी सांगायचं."

हौशीराम पाणी प्यायला. तांब्या जाग्यावर ठेवला.

"पयल्या साली राग व्हता. लई राग व्हता, भागे. मंग रागाची सवय लागली. काम बंद पडलं तवा सांगाय पायजे व्हतं, पन तवर आपन बोलायचंच सोडलं व्हतं. कुठनं सुरू करायचं, ते गावलं न्हाई."

एवढं बोलून त्याने राहिलेली भाकरी कालवणात कुस्करली आणि खाल्ली. तिने ताट उचललं. म्हणण्यासारखं जे होतं, ते आठ वर्षांपूर्वी म्हणायचं होतं. दोघांनीही.

नव्या देवळाच्या दारात ती ओळ अक्षय तृतीयेला लागणारच होती. लोक नारळ फोडून आत जाणार, तिथे उभं राहून वाचणार, आणि भागूबाईच्या पिठाच्या पुऱ्या खाणार. देवाला नैवेद्य द्यायचा नाही असं तिच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि आता तिच्या रागासाठी देवाला उपाशी ठेवायचं, तर देवाने कुणाचं काय केलं होतं? तिने कणगीचं झाकण काढलं आणि पायलीने गहू मोजून पिशवीत भरले. सकाळी लाइट येण्याआधी नंबर लावायला तिला गिरणीत जायचं होतं.